सेरेब्रल पाल्सी असलेल्या ७ वर्षांच्या मुलीसाठी पगार, शिष्यवृत्ती, थेरपीचा खर्च: कागद कुठून सुरू करायचे? (खानापूर तालुका, बेळगाव जिल्हा, कर्नाटक)

मलप्रभाकाठ

भाचीसाठी विचारतोय. वय ७ पूर्ण, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. धरून उभी राहते, चालत नाही, बोलणं मोजकं. मराठी शाळेत पहिलीत नाव आहे पण रोज नेणं जमत नाही. वडील गवंडी, आई घरी, रेशन कार्ड बीपीएल. जवळ आहे ते एवढंच: लहानपणी काढलेलं आधार, कोल्हापूरचा जन्मदाखला (आईचं माहेर कागलकडचं) आणि एका खाजगी डॉक्टरांनी लेटरहेडवर लिहून दिलेलं 'अपंगत्व ६० टक्के'. अंगविकल पगाराची (अपंगांना सरकारकडून दरमहा मिळणाऱ्या पेन्शनची) अर्जी एकदा दिली होती, ती परत आली.

पगार किती आणि कुठल्या टक्क्याला? शाळेकडून काही मिळतं का? फिजिओथेरपीचे पैसे कुठून भरून निघतात का? आणि सीमाभागातले म्हणून महाराष्ट्राचं काही लागू होतं का?

सिव्हिल_गेट

दादा, तुमचे चारही प्रश्न एकाच कागदापाशी अडलेत, तो म्हणजे यूडीआयडी, सरकारी अपंगत्व ओळखपत्र. लेटरहेडवरचे ६० टक्के कुठल्याच कचेरीत चालत नाहीत. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यानुसार टक्केवारी ठरवायचा अधिकार सरकारने नेमलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनाच आहे. ते पत्र फेकू मात्र नका, तपासणीच्या वेळी जुना इतिहास म्हणून कामाला येतं.

यूडीआयडीच्याही आधी आधार बघा. पाच वर्षांच्या आत काढलेल्या आधारात बोटांचे ठसे नसतात. पाच पूर्ण झाल्यावर ठसे, डोळे, फोटो नव्याने द्यावे लागतात, आणि पंधराला परत एकदा. ते राहिलं असेल तर पुढे बँकेत, पगारात, शिष्यवृत्तीत सगळीकडे नुसतं 'जुळत नाही' एवढंच येतं आणि चूक कुठंय ते कोणालाच कळत नाही. या मुलांची मूठ घट्ट असते, मान ठरत नाही, मशीन ठसा धरत नाही. मग केंद्रवाला 'पुढच्या महिन्यात या' म्हणतो. त्याला 'बायोमेट्रिक एक्सेप्शन'मधून करा म्हणून सांगायचं, ती सोय आधारच्या नियमातच आहे. पोरीला सकाळी, पोटभर खाऊन झाल्यावर न्या. दमली की हातपाय जास्त आवळतात.

त्यानंतर नाव. अर्ज्या परत येतात त्यातल्या कितीतरी नावापायी. जन्मदाखल्यावर समजा 'सई मारुती पाटील', आधारवर 'सई एम पाटील', शाळेच्या रजिस्टरात 'सई मा. पाटील' आणि रेशन कार्डावर कानडीतून इंग्रजीत जाताना झालेलं 'साई'. आपल्याला ही एकच पोर दिसते, संगणकाला चार. जन्मदाखला हा मूळ धरा, आधार त्याबरहुकूम करून घ्या, मग रेशन कार्ड आणि शाळा. आधारवरचा पत्ता खानापूर तालुक्यातल्या गावाचाच हवा, माहेरचा राहिला असेल तर आधी तो बदला. शाळेतलं नाव दुरुस्त करायला हेडमास्तर टाळाटाळ करतात, पण पहिलीतच केलेलं बरं. पुढच्या वर्गांत ते अवघड होत जातं.

हे झालं की यूडीआयडीचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर. गावातलं ग्राम वन (सरकारी सेवा केंद्र) किंवा सायबर, कुठेही भरता येतो. मोबाईल नंबर आईचा किंवा वडिलांचा टाका. सायबरवाला घाईत स्वतःचा टाकतो आणि मग तपासणीची तारीख, ओटीपी सगळं त्याच्याच फोनवर. हॉस्पिटल निवडताना बेळगावचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे बिम्स, आपलं जुनं सिव्हिल. एन्रोलमेंट नंबरची पावती जपून ठेवा, तपासणीला तीच दाखवायची.

आता टक्केवारी. अर्जात अपंगत्वाचा प्रकार विचारतात तिथं सायबरवाला हमखास 'लोकोमोटर' (हातापायांच्या हालचालीचं अपंगत्व) टिचकवून मोकळा होतो. मग तपासणी फक्त हाडांच्या डॉक्टरांकडे होते, हातापायाचे टक्के मिळतात आणि विषय संपतो. तुमच्या भाचीचं बोलणं मोजकं आहे म्हणता. समजायलाही उशीर लागत असेल तर बौद्धिक अपंगत्वाचीही तपासणी मागून घ्या. दोन अपंगत्वं असली की नुसती बेरीज होत नाही, त्याला सूत्र आहे: जास्तीचा आकडा अ, कमीचा ब, तर अ + ब × (९० − अ) ÷ ९०. हातापायाचे ६० आणि बौद्धिक ५० धरले तर ६० + ५० × ३० ÷ ९०, म्हणजे ७६.६७, जवळपास ७७. पगाराचा वरचा दर ७५ ला सुरू होतो. म्हणजे दुसरी तपासणी राहिली तर पोर ६० वर अडकली, झाली तर ७७.

बौद्धिक तपासणीत मुलीपेक्षा आईला जास्त प्रश्न असतात. त्याला व्हीएसएमएस म्हणतात. गुण ५५ ते ६९ आले तर ५० टक्के, ३६ ते ५४ आले तर ७५ टक्के धरतात. प्रश्न साधे असतात: स्वतःच्या हातानं जेवते का, कपडे काढते का, शी-शू सांगते का. आया 'हो, जेवते की' म्हणून सांगतात. प्रत्यक्षात ताट आईनं धरलेलं असतं, घास कालवून हातात दिलेला असतो आणि अर्धा खाली सांडतो. उत्तर तसंच्या तसं द्यायचं: कोण धरतं, किती वेळ लागतो, किती सांडतं. वाढवून नको आणि लाजून कमी करूनही नको. विचारणारे कानडीत विचारतील. आईला कानडी नीट येत नसेल तर नुसती मान हलवण्यापेक्षा 'मराठीत विचारा' म्हणावं, नाहीतर दोन्ही येणारं कोणी बरोबर न्यावं.

बौद्धिक अपंगत्वाचा दाखला ५, १० आणि १८ व्या वर्षी नव्याने करावा लागतो. भाचीचा १० पर्यंतचाच मिळेल असं धरून चाला आणि मुदतीच्या तीन महिने आधी पुन्हा अर्ज करा. मुदत सरली की पगार मुकाट्याने बंद होतो, कोणी कळवत नाही. टक्केवारी पटली नाही तर ९० दिवसांत अपील करता येतं, अज्ञान मुलाच्या वतीने आईवडील करू शकतात.

चव्हाटगल्ली

पगाराचं सांगतो. कागदावर त्याला मासाशन म्हणतात आणि ते महसूल खात्याकडून येतं, अपंग कल्याणाकडून नव्हे. म्हणून अर्जी नाडकचेरीतच, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत. ४० टक्क्यांपासून ७४ पर्यंत महिना ८०० रुपये, ७५ आणि त्यावर १४००. बौद्धिक अपंगत्वच ७५ च्या वर असेल तर दर याहून जास्त आहे, त्यामुळे दाखल्यावर प्रकार काय लिहिलाय तेही बघा. १८ वर्षं व्हायची वाट बघायला नको, लहान मुलांनाही मिळतो. १८ ची अट केंद्राच्या योजनेला आहे, आणि ती ऐकून बरेच जण घरी परत जातात.

कागद: यूडीआयडी, आईचं आणि मुलीचं आधार, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, पासबुक. खातं मुलीच्या नावाचं, आई पालक म्हणून जोडलेलं. आणि बँकेत 'आधार लिंक आहे' म्हणाले एवढ्यावर थांबू नका, 'एनपीसीआय मॅपिंग झालंय का', म्हणजे आधारवर येणारा सरकारी पैसा याच खात्यात पडेल का, असं विचारा. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली झाली आणि दुसरी राहिली तर मंजुरीचा आदेश हातात असतो आणि पैसा येत नाही.

अर्जी दिली की सकाला कायद्याखालची (ठरलेल्या मुदतीत सरकारी सेवा द्यायचा कर्नाटकचा कायदा) नंबरवाली पावती मिळते, ती मागून घ्या. तोंडी 'बघतो' म्हणाले तर अर्जी दिलीच नाही असं समजा. पगाराला मुदत ४५ दिवसांची आहे. त्यात झालं नाही किंवा कारण न देता परत आली तर त्याच नंबरावर अपील होतं. तुमची पहिली अर्जी परत आली तेव्हा नंबर मिळाला होता का? असेल तर कारण त्यावर ऑनलाइन दिसेल.

अर्जी कानडीत लिहून द्या. राज्यघटनेच्या ३५० कलमाने कुठलीही तक्रार-अर्जी मराठीतही देता येते हे खरं आहे, पण टेबलावरच्या माणसाला वाचता आली नाही तर ती खालच्या खाली जाते. कानडी वर, मराठी प्रत मागे टाचून.

मलप्रभाकाठ

आभारी आहे. सकालाचा नंबर सापडला, कारण 'उत्पन्न मर्यादेबाहेर' असं दिसतंय. मोठ्या मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेल्या दाखल्यावर वर्षाला १,२०,००० लिहिलंय. मर्यादा किती आहे?

चव्हाटगल्ली

३२,००० वर्षाला. म्हणजे महिन्याला २,६६७. गवंड्याची चार-पाच दिवसांची मजुरी झाली ही! मर्यादा वास्तवाला धरून नाही, पण आहे ती आहे.

अडलंय ते इथं: उत्पन्नाचा दाखला एकदा निघाला की पाच वर्षं तोच आरडी नंबर (दाखल्यावरचा क्रमांक) संगणकात राहतो. शिष्यवृत्तीला २.५ लाखांपर्यंत चालतं म्हणून लोक आकड्याकडे बघत नाहीत, आणि तोच दाखला पगाराला आडवा येतो. नवीन दाखला मागता येतो, चौकशी तलाठी आणि सर्कल करतात. त्यांना खरं ते नीट सांगा. खानापूर तालुक्यात पावसाळ्यात बांधकाम किती दिवस बंद असतं, औषधाला महिन्याला किती जातात, शेत आहे की नाही. तेवढ्यानं मर्यादेत बसेलच असं नाही, आणि खोटा दाखला काढून देतो म्हणणाऱ्या दलालाच्या नादी मात्र लागू नका. पुढे पडताळणीत सापडला तर पगार बंद होतो आणि वसुली निघते.

पगार नाहीच बसला तरी बाकीच्या गोष्टी ३२,००० वर अडत नाहीत. पंचायतीत व्हीआरडब्ल्यू म्हणून एक अपंगांसाठीचा कार्यकर्ता असतो, तालुक्याला एमआरडब्ल्यू. त्यांना गाठा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांवर खर्च करायचे असतात. औषध, खुर्ची, उपकरण यासाठी पीडीओंच्या (पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या) नावे अर्जी, सोबत यूडीआयडीची झेरॉक्स आणि दुकानाचं कोटेशन. नुसतं 'मदत मिळावी' लिहिलेली अर्जी पडून राहते. 'सीपी चेअर (सेरेब्रल पाल्सीच्या मुलांची आधाराची खुर्ची), इतक्या रुपयांची' असं लिहिलं की ठरावात घेता येतं. मार्च उजाडायच्या आत द्या.

आणि सेरेब्रल पाल्सीच्या माणसाची देखभाल करणाऱ्याला महिना १००० रुपये द्यायची राज्याची वेगळी योजना आहे. मस्क्युलर डिस्ट्रॉफी, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस हे आजारही त्यात आहेत. ही अपंग कल्याण खात्याकडे, नाडकचेरीत विचारून काही उपयोग नाही. यूडीआयडीवर 'सेरेब्रल पाल्सी' हा शब्द छापलेला असणं इथं फार महत्त्वाचं, नुसतं 'लोकोमोटर' असेल तर वाद घालत बसावं लागतं.

निपाणीकर

सिव्हिलला गर्दी असते. उपचार कोल्हापूरच्या सीपीआरला (तिथल्या सरकारी रुग्णालयात) चालू असतील तर दाखला तिथंच काढता येतो की. कार्ड देशभर चालतं.

सिव्हिल_गेट

नियमात ते बसतं, हे बरोबर. राहत्या जिल्ह्यात किंवा जिथं उपचार झाले त्या सरकारी रुग्णालयात अर्ज करता येतो. पण इथं केस पेपर कोल्हापूरचे आहेत असं दादांनी म्हटलेलं नाही, फक्त जन्मदाखला तिकडचा आहे. उपचाराचे कागद नसताना माहेरचा पत्ता लावून तिकडे काढायच्या भानगडीत पडू नका. कार्डावर कागलचा पत्ता आणि अर्जीवर खानापूरचा, हे नाडकचेरीत परत अडतं.

निपाणीकर

मान्य. मग महाराष्ट्राच्या प्रश्नाचंही सांगून टाकतो. संजय गांधी निराधारचा पगार मिळत नाही, त्याला महाराष्ट्रातला १५ वर्षांचा रहिवास लागतो. दोन्हीकडे रेशन कार्ड ठेवून पगार घ्यायचा सल्ला देणारे भेटतील, आधार एकच असल्यामुळे ते आता उघडं पडतं. महात्मा फुले जनआरोग्य योजना २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली आहे. ती दवाखान्यातल्या मोठ्या उपचारांसाठी, ठरलेल्या आजारांना आणि ठरलेल्या हॉस्पिटलांत. दर आठवड्याच्या फिजिओला नाही. आपलं गाव यादीत आहे का ते बघा आणि ॲडमिट व्हायच्या आधी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारा, बिल झाल्यावर नको.

ऑपरेशनसाठी कर्नाटकातलं आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक जवळचं पडतं. बीपीएलला कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत. इमर्जन्सी सोडली तर आधी सरकारी दवाखान्यात दाखवून रेफरल घ्यावं लागतं. थेट खाजगीत गेलात तर हातचं जातं.

उगारकर

थेरपीच्या खर्चासाठी निरामय. हा केंद्राच्या नॅशनल ट्रस्टचा आरोग्य विमा आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता या चौघांनाच, वर्षाला १ लाखापर्यंत. विशेष म्हणजे ॲडमिट न होता घेतलेली थेरपी, ओपीडी, औषधं यांनाही त्यात ठरावीक वाटा आहे, जो बाजारातल्या साध्या विम्यात नसतो. आधी मेडिकल तपासणीही मागत नाहीत. बीपीएलला नोंदणी २५० रुपये, इतरांना ५००. नूतनीकरण ५० आणि २५०.

कॅशलेस नाही, आधी भरायचं आणि मग मागायचं. दावे बाद होतात ते तीन कारणांनी. डॉक्टरांनी 'आठवड्यातून इतक्यांदा फिजिओथेरपी' असं लिहून दिलेलं नसतं, नुसती थेरपिस्टची पावती असते. पावतीवर मुलीचं नाव नसतं, आईचं असतं. किंवा ३० दिवसांची मुदत टळलेली असते. दर महिन्याला त्या महिन्याची बिलं पाठवा, वर्षाचा गठ्ठा साठवू नका. वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च, फेब्रुवारीतच नूतनीकरण करून टाका.

पाटी_पेन्सिल

शाळेचा भाग राहिला. सगळ्यात आधी हेडमास्तरांना विचारा की सॅट्समध्ये (राज्याच्या ऑनलाइन विद्यार्थी नोंदीत) मुलीची नोंद विशेष गरजांचं मूल म्हणून, अपंगत्वाच्या प्रकारासकट झालीय का. वर्गात सगळ्यांना दिसतंय म्हणून कागदावर आहे असं नसतं, आणि तिथं नसलं तर तालुक्याच्या यादीत पोर नाहीच.

नोंद झाली की खानापूरच्या बीआरसीत (तालुक्याच्या शिक्षण साधन केंद्रात) बीआयईआरटी, म्हणजे विशेष गरजांच्या मुलांसाठी नेमलेल्या शिक्षकांना भेटा. रोज शाळेत नेता येत नसेल तर समग्र शिक्षामधून घरी येऊन शिकवायची सोय आहे. नाव शाळेच्या पटावरच राहतं, काढून घ्यायला सांगितलं तर ऐकू नका. शाळेत न्यायला सोबत लागते त्यासाठी एस्कॉर्ट भत्ता आणि येण्याजाण्याचा भत्ता असतो, दोन्ही एकदम मिळतील असं धरू नका. अपंग मुलींना महिना २०० प्रमाणे १० महिन्यांचा स्टायपेंड वेगळा. शिक्षक बहुतेक कानडी माध्यमाचे येतील. मराठी शाळेतल्या मुलीला चित्रकार्डं आणि अक्षरं मराठीतली हवीत हे पहिल्याच भेटीत लिहून द्या.

अपंग कल्याण खात्याची शिष्यवृत्ती पहिलीपासून आहे, ती एसएसपी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर. तिथं आरडी नंबर, सॅट्स नंबर आणि यूडीआयडी लागतो, तुमचा १,२०,००० चा दाखला इथं अडणार नाही. केंद्राची एनएसपीवरची (राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल) प्री-मॅट्रिक नववी-दहावीलाच, सायबरवाला आत्ता भरू म्हणाला तर पैसे देऊ नका.

साहित्यासाठी केंद्राच्या एडिप योजनेत एलिम्कोची (अपंगांची उपकरणं बनवणारी सरकारी कंपनी) शिबिरं असतात. उत्पन्न महिना २२,५०० पर्यंत असेल तर मोफत. पण मापं एका शिबिरात घेतात आणि वाटप काही महिन्यांनी दुसऱ्यात. सात वर्षांची पोर तेवढ्यात वाढते, कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) आखूड होतो. वाटपाच्या दिवशी तिथंच घालून बघा, टाच बसत नसेल तर सही करायच्या आधी सांगा. घरी नेल्यावर दुरुस्तीला जाणं दुष्कर आहे. व्हीलचेअर आणि सीपी चेअर यांत गोंधळ करू नका. मान आणि कंबर धरत नसेल तर साधी व्हीलचेअर घेऊन उपयोग नाही, पोर त्यात घसरून बसते.

मलप्रभाकाठ

बसचं काय? खानापूर–बेळगाव थेरपीला आठवड्यातून दोनदा जायचं आहे.

चव्हाटगल्ली

मुलगी आहे म्हटल्यावर पासच्या फंदात पडू नका. शक्ती योजनेत ती आणि आई दोघीही साध्या आणि एक्स्प्रेस बसला फुकट, आधारवर कर्नाटकातला पत्ता तेवढा हवा. कोल्हापूरला जाणाऱ्या आंतरराज्य बसला ते चालत नाही. मुलगा असता तर अपंगांचा पास काढावा लागला असता, वर्षाला ६६० रुपये, घरापासून १०० किलोमीटरपर्यंत, सेवा सिंधू या राज्याच्या पोर्टलवरून.

सिव्हिल_गेट

दादा, सिव्हिलला तपासणीला जाताना मुलीच्या जन्माच्या वेळचा डिस्चार्ज कागदही शोधून न्या. कोल्हापूरचा असला तरी चालतो. रडायला उशीर, काचेत ठेवलं होतं, असं काही त्यावर लिहिलेलं असलं की 'सेरेब्रल पाल्सी' हे निदान दाखल्यावर यायला सोपं जातं.